एक कोरी, एक उघडलेली: दोन चेनसॉ आणि सहा जातींचं लाकूड

पहिल्या दिवशी घेतलेले सगळे आकडे मला खोडावे लागले. वहीची अडीच पानं भरली होती. प्रत्येक चकतीपुढे सेकंद लिहिले होते आणि खाली दुहेरी रेघ मारून निकालही लिहून टाकला होता: उघडलेली करवत कोऱ्या करवतीच्या पाऊणपट वेळात कापते.

माझ्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन चेनसॉ आहेत. दोन्ही ६० सीसीच्या, १८ इंची बारच्या. बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पोलादी पट्टी. एक जशी कारखान्यातून आली तशीच आहे, तिला आम्ही ‘कोरी’ म्हणतो. दुसरीच्या मागच्या मुठीवर लाल चिकटपट्टी आहे. तिचा सायलेन्सर मी उघडला होता, कार्बोरेटर नव्याने जुळवला होता आणि आता या मेहनतीचं नेमकं काय झालं ते मला मोजायचं होतं. आवाज वाढला की करवत जोरात चालतेय असं वाटतं, त्या वाटण्यावर मला विसंबायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी एक काका बघायला आले. चाळीस वर्षं झाडं कापण्यात गेलेला माणूस. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. वाकून दोन्ही ढिगांतला मूठमूठ भुसा उचलला, बोटांनी चोळला आणि म्हणाले, “ही ढलपी आहे आणि हे पीठ आहे. दोन्ही चेनी सारख्या आहेत का रे?”

नव्हत्या. लाल पट्टीवालीवर नवी चेन होती, कोरीवर चारदा कानस फिरलेली. मी धार लावली होती, पण डावे आणि उजवे दात सारख्या लांबीचे राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चेनी अदलाबदल केल्या आणि त्याच आंब्याच्या ओंडक्यावर कोरी करवत अर्ध्या सेकंदाने पुढे गेली. म्हणजे आदल्या दिवशी मी इंजिनं मोजलीच नव्हती, चेनी मोजल्या होत्या. धारेने पडणारा फरक सायलेन्सरने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा होता. हे आधीच कळायला हवं होतं, कारण धार गेली की ढलप्यांचं पीठ होतं हे मलाही ठाऊक होतं.

मग चाचणीची रीतच बदलली. एकच चेन आणि एकच बार, दोन्ही करवतींवर आळीपाळीने चढवायचा. वेळ खाणारं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही. चेन ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांचं माप), ५.५ मिलिमीटरच्या गोल कानशीने, ३० अंशाच्या कोनात, गाइड लावून घासलेली. दातापुढचा जो उंचवटा दात किती खोल जाईल ते ठरवतो, त्याला आम्ही रेकर म्हणतो. तो दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. ओंडके गोल असले की प्रत्येक चकतीचा घेर बदलतो, टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून सगळे ओंडके चारी बाजूंनी तासून २४ सेंटिमीटर चौरस केले. या तासण्यातच तीन दिवस गेले. गाठ असलेला भाग बाद.

कापण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी कोरीच्या पाच चकत्या आणि मग लालच्या पाच असं केलं, तर दुसऱ्या करवतीच्या वाट्याला कमी धारेची चेन येते. म्हणून कोरी, लाल, लाल, कोरी. पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही इंजिनं आधी तापवून घेतलेली, टाकीत एकाच डब्यातलं पेट्रोल, एका लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल.

वेळ मोजायला धाकटी बहीण होती. घड्याळावर अंगठा दाबून मोजणं तिने पहिल्याच तासात मोडीत काढलं. मोबाइल तिवईवर लावून चित्रण केलं आणि नंतर एकेक फ्रेम सरकवत मोजलं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे चूक झाली तरी एक-दोन फ्रेमांची. तिचाच प्रश्न होता, “दादा, सुरुवात कुठली धरायची? चेन टेकते तिथून, की पहिली ढलपी उडते तिथून?” पहिली ढलपी धरली, आणि चकती सुटून खाली पडायला लागते ती फ्रेम शेवट. हा नियम शेवटपर्यंत बदलला नाही.

एक गोष्ट मात्र मी मोजायची ठेवलीच नाही: हाताचा दाब. नेहमीच्या कामात जेवढा देतो तेवढा, असं ठरवून मोकळा झालो. ते पुढे बाभळीत अंगावर आलं.

आता फेरफारांबद्दल. पहिला टप्पा फक्त सायलेन्सरचा. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलायला वेगळा स्ट्रोक नसतो. पिस्टन खाली येताना एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं धूर जायचं भोक, उघडतं, वायू सुटतो आणि मागोमाग आलेलं ताजं मिश्रण उरलासुरला धूर बाहेर रेटतं. हे सगळं मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या गतीत घडायचं असतं. सायलेन्सरचं तोंड अरुंद असलं की धूर आत अडतो आणि ताज्या मिश्रणाला जागा कमी पडते. मी एक्झॉस्ट पोर्टवर कागद दाबून त्याचा ठसा घेतला, क्षेत्रफळ काढलं आणि सायलेन्सरला दुसरं तोंड देऊन एकूण वाट त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश केली. ठिणग्या अडवणारी जाळी परत बसवली. ती काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत आणि वाळल्या पाल्यात उभं राहून ते ही करवत कशी चालवतात ते मला समजत नाही.

धूर मोकळा झाला की हवाही जास्त आत येते. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक करवत काही मिनिटं फार सुरेख चालते आणि मग पिस्टन खरवडला जातो, कारण या इंजिनात वंगणही पेट्रोलातूनच येतं. म्हणून कार्बोरेटरचा जास्त गतीचा स्क्रू उघडावा लागतो. किती, ते कानाने ठरतं. लाकडाबाहेर पूर्ण ट्रिगर दाबल्यावर आवाज स्वच्छ किंचाळता नको, किंचित फडफडता हवा, जणू एक ठोका सोडून एक ठोका पडतोय. लाकडात शिरताच ती फडफड जाऊन आवाज साफ झाला पाहिजे. माझ्या करवतीच्या कॉइलमध्ये गती मर्यादेत ठेवणारी व्यवस्था आहे आणि ती सुमारे १३,५०० फेऱ्यांना ठिणगी तोडते. त्या वेळचा आवाजही अगदी असाच फडफडतो! मिश्रण योग्य आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते पातळ असतं. टॅकोमीटर लावून आधी फेरे १३,००० च्या खाली आणले आणि मगच कान लावला. ज्यांच्या करवतीत अशी कॉइल आहे त्यांनी नुसत्या आवाजावर स्क्रू फिरवू नये.

पहिल्या टप्प्याचे निकाल सरळ होते. सावरीत कोरीला सरासरी ४.९ सेकंद लागले, लालला ४.५. आंब्यात ५.८ आणि ५.३. वाळलेल्या बाभळीत १०.८ आणि १०.०. सगळीकडे सात ते नऊ टक्क्यांच्या आसपास. खरं सांगायचं तर इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. खर्च जवळजवळ नाही, इंजिन उघडावं लागत नाही, आणि फरक प्रत्येक लाकडात तोच. पण मला सिलिंडर उघडून बघायचा होता.

दुसऱ्या टप्प्यात सिलिंडर काढला. त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून हवा जाऊ न देणारी पातळ चकती, काढलं की सिलिंडर तेवढा खाली बसतो आणि पिस्टनच्या माथ्यावरची जागा कमी होऊन दाब वाढतो. किती जागा उरते ते बघायला प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार कडेपर्यंत घालायची, पिस्टन हाताने वर फिरवायचा आणि चेपलेलं टोक मोजायचं. माझं माप १.०५ मिलिमीटर आलं, गॅस्केट ०.५ चं, म्हणजे उरले ०.५५. यापेक्षा फारसं खाली जाण्यात अर्थ नाही. चालत्या इंजिनात कनेक्टिंग रॉड किंचित ताणतो आणि पिस्टन माथ्याला लागू शकतो.

मग एक्झॉस्ट पोर्ट. ते कधी उघडतं हे अंशांत मोजतात: पिस्टन सगळ्यात वर असल्यापासून क्रँक किती अंश फिरला ते. अंश जितके कमी तितकं पोर्ट लवकर उघडतं. गॅस्केट काढल्यामुळे ते खाली सरकलं होतं आणि १०२ अंशांऐवजी १०४ अंशांना उघडत होतं. मला हवे होते १००. पोर्टचं छत बारीक दगडाने घासत गेलो, मध्येच तपासायला थांबायला हवं होतं ते थांबलो नाही, आणि पुन्हा अंशपट्टी लावली तेव्हा माप ९७ होतं. लाकूड जास्त कापलं तर जोड देता येतो. सिलिंडरचं घासलेलं छत परत खाली आणता येत नाही. रुंदी मात्र जपली होती. पोर्ट फार रुंद केलं की पिस्टनची रिंग त्यात फुगते आणि कडेला अडकून तुटते. कडा गोलसर केल्या, सगळं धुतलं, सीलंट लावून सिलिंडर बसवला. दोरी ओढताना हाताला लगेच कळलं की दाब वाढलाय.

लाकडाकडे येतो, कारण या सगळ्याचा अर्थ तिथे कळतो.

सावर फार मऊ. दात शिरतो आणि लाकूड काही म्हणतच नाही. तिथे करवतीची ताकद खर्च होते ती ढलप्या बाहेर फेकण्यात, म्हणून चेनची गती जितकी जास्त तितकं बरं. सात दातांच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, ३/८ ची चेन एका फेऱ्याला १३३ मिलिमीटर पुढे जाते. १०,००० फेऱ्यांना सेकंदाला २२ मीटर. नव्या सिलिंडरने लाल करवत सावरीत कापताना सहज ११,००० च्या वर राहत होती. वेळ ३.९ सेकंद. कोरीच्या ४.९ पेक्षा पूर्ण एक सेकंद कमी. आंब्यात ४.८. बहीण फ्रेम मोजताना म्हणाली, “चकती पडायच्या आत तू बार बाहेर काढलायस.” तो दिवस छान गेला.

निलगिरी ओली होती. ती कापताना वेळेपेक्षा लक्ष बार अडकण्याकडे ठेवावं लागलं. वाढत्या निलगिरीच्या खोडात ताण साठलेला असतो; ओंडका कापला की तो ताण सुटतो, टोकं तडकतात आणि काप अचानक मिटतो किंवा उघडतो. तीन वेळा पाचर ठोकावी लागली, तीन मोजण्या बाद झाल्या. उरलेल्यांत कोरी ७.४, लाल ६.४.

सागवानाबद्दल माझा समज पूर्ण बदलला. लाकडाच्या टणकपणाचं जे माप सगळीकडे छापलेलं असतं ते गॅब्रिएल यांका या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये सुचवलेलं: ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाहायचं. या मापात सागवान मध्यमच ठरतं. कापायलाही पहिली चकती सोपी गेली, कोरी ६.९, लाल ५.९. पण सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. विसाव्या चकतीला कोरीचा वेळ ८.६ झाला होता आणि भुसा पिठासारखा. चौकोनी कोपऱ्याच्या दाताचं सगळं काम त्या टोकदार कोपऱ्यावर चालतं आणि सागवान नेमका तोच खातं. गोल कोपऱ्याच्या दाताची चेन लावली तर सुरुवात ७.४ ने झाली, पण विसाव्या चकतीला ७.९ होती. गोळी रुतवून मिळालेला आकडा चेनचं काय होणार ते सांगत नाही. आणि इथे लाल करवतीची आघाडी दहाव्या चकतीपर्यंतच टिकली, कारण जास्त गतीने फिरणारी चेन जास्त लवकर बोथट झाली.

नारळाचं खोडही एक आणलं होतं, पण त्याला मी यादीत धरलं नाही. बाहेरचा भाग दगडासारखा, आतला भुसभुशीत, आणि चेनची धार चार-पाच चकत्यांत गेली. त्यावर इंजिनं मोजण्यात काही हशील नव्हतं.

शिरीषावर उभे काप घ्यायचे होते, म्हणजे ओंडक्याच्या टोकाकडून धाग्याच्या दिशेने फाडत जायचं. हा करवतीवरचा सगळ्यात जड भार. ढलपी निघतच नाही, बारीक भुसा निघतो आणि इंजिन सलग कित्येक मिनिटं पूर्ण ताकदीवर राहतं. शिरीषाचा भुसा नाकाला झोंबतो, शिंकांवर शिंका येतात. मास्क नसेल तर हे लाकूड कापूच नये. तिसरा उभा काप संपला, मी ट्रिगर सोडला आणि आवाज खाली उतरेना.

एक-दोन सेकंदांचीच गोष्ट असेल. चेन फिरत होती, ट्रिगरवर बोट नव्हतं. चेन ब्रेक पुढे ढकलला आणि बंद करायची कळ दाबली. हात थरथरत होते. प्लग काढला तर टोक पांढुरकं पडलेलं. सायलेन्सर काढून पोर्टमधून आत पाहिलं तर पिस्टनवर दोन बारीक उभे ओरखडे.

गती खाली उतरत नाही तेव्हा बहुतेक वेळा कुठून तरी फुकटची हवा आत येत असते. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून सिलिंडरमध्ये हातपंपाने अर्धा बार दाब भरला. काटा बघता बघता उतरला. साबणाचं पाणी ओतलं आणि सिलिंडरच्या बुडाशी, मागच्या बोल्टजवळ, बुडबुडे दिसले. गॅस्केटच्या जागी सीलंट लावताना तिथे तेलाचा अंश राहिला असणार. दोष पूर्णपणे माझा. पुन्हा उघडलं, दोन्ही पृष्ठभाग द्रावकाने कोरडे होईपर्यंत पुसले, सीलंटचा पातळ थर दिला आणि २४ तास हात लावला नाही. या वेळी दाब टिकला. ओरखडे नखाला लागत नव्हते, म्हणून पिस्टन तोच ठेवला. तेव्हापासून सिलिंडर उघडला की दाब तपासल्याशिवाय मी दोरी ओढत नाही. ज्या करवतीला गॅस्केट नाही तिच्यासाठी ही तपासणी ऐच्छिक नाही.

शिरीष पूर्ण झालं, आकडे सागवानासारखेच आले. आणि मग बाभूळ.

बाभळीचे ओंडके वर्षभर सावलीत वाळलेले होते. ओलावा किती ते बघायला चकतीचे तुकडे आधी तोलले, मग भट्टीत १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोलले: १४ टक्के. सुया टोचून बघायचं मीटर माझ्याकडे आहे, पण ओलावा तिशीच्या वर गेला की ते भरवशाचं राहत नाही, आणि मला ओली बाभूळसुद्धा मोजायची होती.

पाच चकत्या कापल्या. कोरी १०.८. लाल ११.३.

मला आधी वाटलं, पुन्हा हवा शिरतेय. दाब तपासला, टिकला. चेन घासली, तीच चेन कोरीवर, तीच लालवर. पुन्हा ११ च्या वरच. सावरीत सेकंदाची आघाडी घेणारी करवत बाभळीत कोऱ्या करवतीच्या मागे पडली होती, आणि पहिल्या टप्प्यात फक्त सायलेन्सर उघडल्यावर हिनेच १०.० दिले होते. रात्रभर मला ते सुचेना. बहिणीने चित्रणातल्या आवाजावरून गती काढली तेव्हा उलगडा झाला. बाभळीत कोरी ८,८०० फेऱ्यांवर रेटून कापत होती. लाल ७,९०० पर्यंत दबत होती.

एक्झॉस्ट लवकर उघडलं की पिस्टनला ढकलणारा दाब लवकर सुटतो. जास्त गतीला ते फायद्याचं असतं, कमी गतीला तोट्याचं. मी छत ९७ अंशांपर्यंत घासून या करवतीची ताकद वर, दहा हजारांच्या पुढे नेऊन ठेवली होती. मऊ लाकडात ती तिथे सुखाने राहते. बाभळीत माझा हात तिला खाली दाबत होता आणि खाली तिच्यात काही उरलेलंच नव्हतं.

काकांना बोलावलं. त्यांनी मुठी घेतल्या, करवत पूर्ण गतीत नेऊन ओंडक्यावर टेकवली आणि जवळजवळ दाबलीच नाही. मान किंचित तिरकी, कान इंजिनाकडे. आवाज जाडा व्हायला लागला की मूठ एवढीशी उचलायचे, बारीक झाला की सोडायचे. ९.७ सेकंद. त्यानंतर ९.६. म्हणाले, “हिला रेटू नको. हिला ऐक.” कोरीवर त्यांनी असाच हलका हात ठेवला तर ११.४ लागले, कोरीला दाब लागतो.

म्हणजे माझ्या चाचणीत हात हा मोजमापाचा भाग होता आणि मी तो स्थिर धरून चाललो होतो. एकच दाब दोन्ही करवतींना दिला म्हणजे न्याय झाला असं नव्हतं. मग प्रत्येक लाकडात दोन्ही करवती तीन-तीन दाबांनी पुन्हा कापल्या आणि ज्याचा त्याचा सर्वांत चांगला वेळ धरला. वहीतली आणखी सहा पानं.

रेकरबाबतही तेच. दात खोल जाऊ दिला की ढलपी जाड निघते आणि प्रत्येक दात जास्त ताकद मागतो. ३/८ च्या चेनवर दर ३८ मिलिमीटरला एक दात, म्हणजे २४ सेंटिमीटरच्या कापात एका वेळी सहा-सात दात लाकडात असतात. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहिले, डावी-उजवीकडे चरत जाणारे, आणि त्यावरून आजच्या चेनचा दात घडवला. ती अळी एका वेळी थोडंच खाते. बाभळीसाठी मी एक चेन वेगळी काढली आणि तिचे रेकर ०.५५ वर ठेवले, सावर-आंब्यासाठी दुसरी ०.७५ वर. ०.५५ च्या चेनने लाल करवत बाभळीत माझ्या स्वतःच्या हातून ९.४ वर आली. कोरी १०.५ वर. ओल्या बाभळीत दोघींचे वेळ आणखी उतरले, ७.४ आणि ८.१, ओलं लाकूड दाताला सोपं जातं, हे ज्यांनी वाळलेली बाभूळ कापलीय त्यांना सांगायला नको.

पेट्रोलचाही हिशोब घेतला. दोन्ही टाक्या रिकाम्या करून २०० मिलिलिटर घातलं आणि वाळल्या बाभळीत टाकी संपेपर्यंत कापलं. कोरीने ३६ चकत्या दिल्या, लालने ३१. वेगाची किंमत ती. आणि आवाज! कोरी करवतही कानाला धोक्याचीच असते, शंभर डेसिबलच्या पुढे. लालजवळ मी कानात बोळे घालून वरून कर्णकवच लावतो आणि चित्रण करणाऱ्या बहिणीलाही लावायला लावतो. जवळपास घरं असतील तिथे ही करवत मी काढत नाही.

९७ अंशांचं मात्र मनात सलत राहिलं. शेवटी नवा सिलिंडर आणला आणि तिसरा टप्पा केला. गॅस्केट काढलं, पोर्ट रुंद केलं आणि आतली वाट गुळगुळीत केली. छत फक्त अर्धा मिलिमीटर वर घेतलं, म्हणजे मूळच्या १०२ अंशांवर परत आणलं, आणि या वेळी दर दहा-बारा घासांनंतर अंशपट्टी लावली. सीलंट, २४ तास, दाब, साबणाचं पाणी. सगळं झाल्यावर तेच ओंडके, तोच बार, त्याच चेनी.

सावरीत ४.२. आधीच्या सिलिंडरपेक्षा मागे, कोरीपेक्षा पुढे. सागवानात ५.९. वाळल्या बाभळीत, ०.५५ च्या चेनने, मूठ नेहमीसारखी दाबून, ९.१. पाचही चकत्या ९.० ते ९.३ च्या आत. हात जरा जड पडला तरी ती दबत नाही, आणि दिवसभराच्या कामात चौथ्या तासाला हात जड पडतोच.

काका शेवटच्या चकतीला आले होते. त्यांनी वेळ विचारला नाही. भुसा उचलला, तळहातावर पसरला. बाभळीच्या गाभ्याची लालसर, जाडसर ढलपी, सगळी एकसारखी. “आता बरोबर खातेय,” म्हणाले, आणि उरलेला ओंडका स्वतःच कापून संपवला.

लाल पट्टी आता नव्या सिलिंडरच्या करवतीवरच राहील. ९७ अंशांचा सिलिंडर पिस्टनसकट पुसून, आतून तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवला आहे आणि त्यावर पेनाने लिहिलं आहे: सावर, आंबा, हलका हात, रेकर ०.७५.